पाखरांचा रिज्क कोणी अडवला?



सर्व स्तुती त्या अल्लाहसाठी, ज्याने आकाश उभारले, त्यात समतोल ठेवला आणि त्या समतोलात बिघाड करू नका अशी ताकीद मनुष्याला दिली. दरूद व सलाम असो प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांच्यावर, ज्यांना अल्लाहने सर्व जगांसाठी कृपा म्हणून पाठवले. 'सर्व जगां'त मनुष्याचे जग आहे, तसे पाखरांचेही आहे.

पवित्र कुरआनच्या सूरह हूदमधील सहाव्या आयतीत अल्लाहने एक हमी दिली आहे. पृथ्वीवर वावरणारा असा एकही जीव नाही, ज्याच्या उपजीविकेची जबाबदारी अल्लाहने स्वतःवर घेतलेली नाही. तो जीव कोठे राहतो आणि अखेर कोठे सोपवला जातो, हेही त्याला ठाऊक आहे. या आयतीचे पठण आपण वारंवार करतो, आणि हातात पैसा नसला की तिच्यानेच मनाला धीर देतो. मात्र ती नीट वाचणाऱ्याच्या मनात एक प्रश्न उभा राहतो. मदरशातील विद्यार्थ्यांनी हा प्रश्न विचारावा आणि जाणत्या माणसाने तो टाळू नये. प्रत्येक जिवाचा रिज्क जर अल्लाहच्या जिम्म्यावर आहे, तर उन्हाळ्यात झाडाखाली चोच उघडी टाकून पडलेली साळुंकी कोणाच्या जिम्म्यावर मरते? अल्लाहचे वचन खोटे ठरत नाही, हा आपला ईमान आहे. मग त्या पाखराचा रिज्क वाटेत कोठे थांबला? या लेखात आपण याच प्रश्नाचा विचार करू.

पाखराचा तवक्कुल

हजरत उमर (रजि.) यांच्याकडून आलेली आणि तिर्मिजीत नोंदलेली एक हदीस सर्वपरिचित आहे. तीत प्रेषित (सल्ल.) यांनी अल्लाहवरील खऱ्या भरवशासाठी पक्ष्याचे उदाहरण दिले. पक्षी पहाटे रिकाम्या पोटी निघतो आणि सायंकाळी भरल्या पोटी परततो. अल्लाहवर तसा भरवसा ठेवणाऱ्या माणसालाही अल्लाह तसेच देईल, असा तिचा आशय आहे. उलमांनी या हदीसवर लिहिताना एक गोष्ट आवर्जून नोंदवली आहे. पक्षी घरट्यात बसून राहत नाही, तो निघतो. तवक्कुल म्हणजे हातपाय आखडून बसणे नव्हे. निघणे हे पाखराचे काम आणि पोट भरणे हे अल्लाहचे.

आपल्या आष्टी तालुक्याला हे निघणे समजावून सांगावे लागत नाही. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी बिऱ्हाड पाठीवर घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागणारी माणसे या जिल्ह्यातलीच आहेत. पाऊस नसला, रान पिकले नाही, तर पोटासाठी गाव सोडावे लागते, हे बीड जिल्ह्याइतके दुसरे कोणी जाणत नसेल. एवढ्या लांबचा पल्ला गाठूनही मुकादमाने मजुरी बुडवली, तर आपण काय म्हणतो? अल्लाहने रिज्क दिला नाही, असे कोणी म्हणत नाही. अल्लाहने दिला होता, मधल्या माणसाने अडवला, असेच आपण म्हणतो. पाखराचा न्यायही याच तराजूवर व्हायला हवा. त्याच्या तवक्कुलात खोट नाही. ते आजही पहाटे निघतेच.

हजेरी

सूरह नम्लमध्ये हजरत सुलैमान (अलै.) यांचा प्रसंग आहे. त्यांना पक्ष्यांची भाषा शिकवलेली होती. एके दिवशी त्यांनी पक्ष्यांची पाहणी केली, तेव्हा हुदहुद त्यांना दिसला नाही. तो कोठे आहे, याची त्यांनी लगेच चौकशी केली. एवढ्या अफाट साम्राज्याच्या धन्याला एका वितभर पाखराची गैरहजेरी जाणवली. ज्याच्या हाती सत्ता आहे, त्याने आपल्या अधीन असलेल्या लहानातल्या लहान जिवाची खबर ठेवावी, असा बोध मुफस्सिरांनी यातून घेतला आहे. पृथ्वीवर आज सत्ता मनुष्याची आहे. तेव्हा आपणही एकदा आपल्या माळाची हजेरी घ्यावी.

पहिले नाव माळढोकाचे. उंच मानेचा, पंधरा किलोपर्यंत वजन भरू शकणारा हा पक्षी कधी काळी दख्खनच्या गवताळ माळांचा रहिवासी होता. त्याच्यासाठी १९७९ साली सोलापूर आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांत अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर होते आणि आपल्या आष्टीला लागून असलेला कर्जत तालुकाही त्यात येत होता. पुढे हे क्षेत्र सुमारे १,२०० चौरस किलोमीटरवर आणले गेले. आज संपूर्ण देशात माळढोक दीडशेही उरलेले नाहीत आणि महाराष्ट्रात त्याचे दर्शन अत्यंत दुर्मीळ झाले आहे. हे कसे घडले? मादी वर्षाकाठी बहुधा एकच अंडे घालते आणि तेही उघड्या जमिनीवर. माळ नांगरला गेला, त्यावर ऊस आला, वस्त्या आल्या, मोकाट कुत्री आली. या पक्ष्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. समोरची वीजवाहिनी त्याला वेळेत दिसत नाही, आणि दिसली तरी जड अंगामुळे झटकन वळता येत नाही. राजस्थान-गुजरातेत तारांना धडकून मरणाऱ्या माळढोकांचा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि एप्रिल २०२१ मध्ये न्यायालयाने त्यावर आदेश दिले. आपण ज्या जमिनीला 'पडीक' म्हणून कागदावर नोंदवतो, ती कोणाचे तरी घर होती. सूरह हूदच्या त्याच आयतीत रिज्कबरोबर वसतिस्थानाचाही उल्लेख आहे, याकडे लक्ष द्यावे.

दुसरे नाव गिधाडाचे. गावाबाहेर मेलेले जनावर टाकले की घटकाभरात आभाळातून उतरणारी गिधाडे आपल्या वडीलधाऱ्यांना आठवतात. आजच्या मुलांनी ती पुस्तकातच पाहिली आहेत. भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत ९९ टक्क्यांहून अधिक घटली. त्यांना कोणी बंदुकीने मारले नाही. गुराढोरांना वेदना कमी व्हाव्यात म्हणून डायक्लोफेनॅक नावाचे औषध दिले जाई. ते जनावर मेले आणि गिधाडाने खाल्ले की त्याचे मूत्रपिंड निकामी होई. २००४ साली शास्त्रज्ञांनी हे कारण शोधून काढले आणि २००६ साली भारत सरकारने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. २०२३ साली किटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅक या दोन औषधांवरही जनावरांसाठी बंदी आली. शेतकऱ्याने औषध दिले ते आपल्या बैलावरील दयेपोटी, आणि त्याच दयेतून एक अख्खी उम्मत उजाड झाली. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे तिचा उपयोग होणार आहे.

तिसरे नाव मोराचे. आपल्या शेजारच्या पाटोदा तालुक्यात नायगावचे मयूर अभयारण्य आहे. १९९४ साली घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र सुमारे तीस चौरस किलोमीटर आहे. राष्ट्रीय पक्षी असलेल्या मोराला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सर्वोच्च दर्जाचे संरक्षण आहे. परंतु मोराला अभयारण्याची हद्द वाचता येत नाही. चैत्र-वैशाखात पाणवठे आटले की तो विहिरींकडे आणि वस्त्यांकडे येतो, पेरणीच्या दिवसांत शेतात उतरतो आणि औषध चोळलेले बियाणे टिपतो. त्यात काय आहे, हे त्याला कळायला मार्ग नाही.

चौथे नाव आपल्या घरातल्या चिमणीचे. माळवदाच्या घरात तुळयांच्या आणि किलचनाच्या फटी होत्या. चिमणी तेथे काडी काडी आणून घरटे करी. स्लॅबच्या घराला फट नाही. अंगणात ज्वारी निवडली जाई, चार दाणे सांडत. आता ज्वारीचे रानच आटले आणि दळण पिशवीतून येते. मोठी चिमणी दाणा खाते हे खरे, परंतु तिच्या पिलांना अळ्या-किडेच लागतात. बांधावर आणि पिकावर सततची फवारणी झाली की दाणा असूनही पिलू उपाशी मरते. या चिमणीसाठी २० मार्च हा दिवस जगभर पाळला जातो. त्याची सुरुवात २०१० साली झाली आणि त्यामागे नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांचे प्रयत्न होते. ज्यांनी भारताला पक्षी पाहायला शिकवले, ते डॉ. सालिम अली (१८९६–१९८७) हेही मुंबईच्या एका मुस्लिम घराण्यातले. लहानपणी एअरगनने टिपलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, ही कोणती चिमणी असा प्रश्न त्यांना पडला आणि तो प्रश्न त्यांना आयुष्यभराच्या अभ्यासाकडे घेऊन गेला. पाखराकडे पाहणे आपल्या परंपरेला परके नाही, हे सांगण्यासाठी ही दोन नावे पुरेशी आहेत.

हजेरीची वही एवढ्यावर संपत नाही. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल २०२३ साली प्रसिद्ध झाला, त्यात ३३८ जातींच्या दीर्घकालीन नोंदी तपासता आल्या. त्यांपैकी ६० टक्के जाती घटल्याचे आढळले.

ऋतूंची घडी

या साऱ्यावर हवामानाचा फेरा आला आहे. आपला प्रदेश पर्जन्यछायेचा. येथे पाऊस नेहमीच मोजून येतो. पण आता मोजण्याचीही रीत मोडली आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेने पाणी पोहोचवावे लागले. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनचा देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. आणि २०२५ च्या सप्टेंबरात याच बीड जिल्ह्याने अतिवृष्टी आणि महापूर पाहिला. पावशा पक्षी 'पेरते व्हा' म्हणतो, असे आपला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आला. आज पावशा ओरडतो आणि पाऊस महिनाभर येत नाही. पेरलेले करपते आणि शेतकऱ्याला दुबार पेरणी करावी लागते. पाखराला मात्र दुबार पेरणीची सोय नाही. त्याची वीण अन्नाच्या हंगामाशी बांधलेली असते. पाऊस पुढे सरकला की अळ्या-किड्यांचा हंगाम सरकतो आणि पिले भुकेच्या दिवसांत अंड्यातून बाहेर येतात. एकदम कोसळला तर जमिनीवरची घरटी वाहून जातात.

दुष्काळ पडला की माणसांसाठी टँकर येतो, जनावरांसाठी चारा छावणी उघडते. हे झालेच पाहिजे. पण पाखराच्या नावाने कोणत्याही कचेरीत अर्ज येत नाही. त्याचा अर्ज फक्त एकाच दरबारात जातो.

'महरूम' कोण?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. रिज्क कोठे थांबला?

सूरह जारियातच्या एकोणिसाव्या आयतीत नेक लोकांचे वर्णन आहे की त्यांच्या संपत्तीत दोघांचा हक्क असतो. एक मागणाऱ्याचा आणि दुसरा 'महरूम' म्हणजे वंचिताचा. गरिबाचा रिज्क अल्लाहने आकाशातून वेगळा टाकला नाही. तो श्रीमंताच्या मालात ठेवला आणि श्रीमंताला त्याचा अमीन केले. श्रीमंताने जकात दिली नाही तर गरीब उपाशी राहतो, पण अल्लाहच्या हमीत तूट पडत नाही. अमीनाच्या अमानतीत खयानत होते. या आयतीच्या तफ्सीरमध्ये इमाम इब्न कसीर (रह.) यांनी एक प्रसंग नोंदवला आहे. हजरत उमर बिन अब्दुल अजीज (रह.) मक्केच्या वाटेवर असताना एक कुत्रा जवळ आला. त्यांनी बकऱ्याचा खांदा तोडून त्याला टाकला आणि सांगितले की महरूम म्हणजे हाच, असे लोक म्हणतात. ज्याला तोंडाने मागता येत नाही, तो महरूम. मग पाखरापेक्षा मोठा महरूम कोण?

वाचकहो, सूरह अन्आमच्या अडतिसाव्या आयतीत जमिनीवर चालणाऱ्या प्राण्यांना आणि दोन पंखांनी उडणाऱ्या पक्ष्यांना अल्लाहने आपल्यासारख्याच 'उम्मती' म्हटले आहे. सूरह नूरच्या एक्केचाळिसाव्या आयतीत सांगितले आहे की पंख पसरलेले पक्षी अल्लाहची तस्बीह करतात आणि प्रत्येकाला आपली नमाज व तस्बीह ठाऊक आहे. म्हणजे बांधावरची बाभूळ तोडताना आपण जे घरटे पाडतो, ते केवळ काड्यांचे नसते; तेथे एक तस्बीह चालू असते. अल्लाहने पाखराचा रिज्क बांधावरच्या गवतात ठेवला, बोरीच्या फळात ठेवला, ओढ्याच्या डबक्यात ठेवला आणि ती जमीन आपल्या नावावर केली. सातबारा आपल्या नावाचा आहे, पण त्यावरचे सगळे हक्क आपले नाहीत. यंत्र लावून बांध सपाट केला, ओढा बुजवला, तेव्हा आपण कोणाचा तरी वाटा आपल्या वाट्यात मिसळला. सूरह रूमच्या एक्केचाळिसाव्या आयतीत जमिनीवर आणि पाण्यात माजलेल्या बिघाडाचे कारण माणसांच्या हातांची कमाई हे सांगितले आहे, आणि ही चव चाखवण्याचा हेतूही सांगितला आहे: कदाचित ते परततील.

हक्क आणि व्यर्थ

येथे एखादा शेतकरी बंधू म्हणेल, 'मौलाना, आमचेच पोट भरत नाही, तेथे पाखरांचे काय घेऊन बसलात?' हा आक्षेप रास्त आहे, आणि इस्लामने तो धुडकावलेला नाही. शरीयत भाबडी नाही. अन्नासाठी शिकार हलाल आहे. उपद्रवी जिवाला रोखण्याची, काही प्रसंगी मारण्याचीही परवानगी आहे. तशा जिवांत हदीसने कावळा आणि घार यांचीही नावे घेतली आहेत. गरजेपोटी झाड तोडता येते. पीक राखण्यासाठी गोफण फिरवता येते. मनुष्याची गरज हा खरा हक्क आहे.

परंतु गरज संपते तेथे सीमा सुरू होते. नसाईत हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांची रिवायत आहे की जो कोणी चिमणीला किंवा तिच्याहून मोठ्या जिवाला हक्काविना मारेल, त्याला अल्लाह त्याबद्दल जाब विचारील. हक्क म्हणजे काय, असे विचारल्यावर प्रेषित (सल्ल.) यांनी तिला जबह करून खाणे असा खुलासा केला. बुखारी आणि मुस्लिम यांत हजरत इब्न उमर (रजि.) यांचा प्रसंग आहे. काही तरुणांनी पक्षी बांधून त्यावर नेम धरला होता, तेव्हा जिवंत जिवाला निशाणा करणाऱ्यावर प्रेषितांनी लानत केली आहे, हे त्यांनी त्या तरुणांना ऐकवले. अबू दाऊदमध्ये एका प्रवासाची हकिकत आहे. सहाबांनी एका पक्षिणीची दोन पिले उचलली. ती पंख फडफडवत घिरट्या घालू लागली. प्रेषितांनी विचारले की हिला पिलांपायी कोणी दुखावले, आणि पिले परत ठेवण्याचा हुकूम दिला. मोहिमेच्या धामधुमीतही एका पक्षिणीची फिर्याद ऐकली गेली.

अबू दाऊदमध्येच सिदरचे झाड तोडणाऱ्याबद्दल कठोर इशारा आहे. सिदर म्हणजे आपल्या बोरीच्याच कुळातले झाड. इमाम अबू दाऊद (रह.) यांनी स्वतःच त्याचा खुलासा केला आहे की हा इशारा माळरानावरील त्या बोरीविषयी आहे, जिच्या सावलीत वाटसरू आणि जनावरे विसावतात आणि जी कोणी हक्काविना, व्यर्थ तोडतो. आष्टी-कड्याच्या रानात बोर आणि बाभूळ कोणी मुद्दाम लावली नव्हती. ती अल्लाहने लावली होती, वाटसरूसाठी आणि पाखरांसाठी.

फिकहच्या ग्रंथांत जनावरांच्या हक्कांची स्वतंत्र चर्चा आहे. हिजरी ६६० मध्ये निधन पावलेले इमाम इज्जुद्दीन बिन अब्दुस्सलाम (रह.) यांनी ते हक्क एकेक करून मांडले. जनावर म्हातारे वा आजारी होऊन निरुपयोगी झाले, तरी त्याचा चारापाण्याचा हक्क संपत नाही, असे त्यांनी नोंदवले. उपयोग संपला तरी हक्क उरतो, हा नियम आपण विसरलो आहोत.

जमान

आता गिधाडाची गोष्ट पुन्हा आठवावी. शेतकऱ्याची नीयत वाईट नव्हती, मग दोष कोणाचा? फिकहमध्ये याचे उत्तर स्पष्ट आहे. चुकून कोणाच्या मालाचे नुकसान झाले, तर गुनाह नसतो. पण जमान, म्हणजे भरपाई, तरीही देय असते. आपली म्हैस दोरी तोडून शेजाऱ्याच्या रानात शिरली नाही, आपणच तिला नकळत आत हाकले, तर 'मला माहीत नव्हते' एवढे म्हणून हिशेब मिटत नाही. पाखरांच्या बाबतीत आपल्यापैकी बहुतेकांनी जाणूनबुजून काही केलेले नाही. पण नुकसान झाले आहे, आणि आता ते माहीतही झाले आहे. तेव्हा उन्हाळ्यात पाण्याचे भांडे ठेवणारा पाखरांवर उपकार करीत नाही. तो देणे फेडतो.

आणि अल्लाहची उदारता पाहा. बुखारी आणि मुस्लिम यांत हजरत अनस (रजि.) यांच्याकडून आलेली हदीस सांगते की मुसलमानाने झाड लावले वा पेरणी केली आणि त्यातून पक्षी, मनुष्य किंवा जनावर यांनी खाल्ले, तर ते त्याच्या नावे सदका म्हणून लिहिले जाते. आपण फेडतो देणे, आणि अल्लाह ते लिहितो दान. कणसावरचे जे चार दाणे पोपटाने नेले आणि आपण हळहळलो, ते आपल्या आखिरतच्या खात्यात आधीच जमा झालेले असतात.

काय करावे?

दीन केवळ ऐकण्यासाठी नाही. म्हणून या पावसाळ्यापूर्वी आणि नंतर कड्याच्या व परिसरातील प्रत्येक घराला करता येतील अशी काही कामे सांगतो.

बांध राखा. सगळी जमीन नांगराखाली आणण्याचा हव्यास सोडून बांधावर बोर, बाभूळ, कडुनिंब, करंज उभे राहू द्या. मात्र जेथे मूळचा गवताळ माळ आहे, तेथे पुण्य म्हणून झाडांची दाटी करू नका. चंडोल, टिटवी, तितर यांचे घर गवतच आहे. माळ म्हणजे ओसाड जमीन नव्हे.

औषध चोळलेले बियाणे मातीआड जाईल याची काळजी घ्या, सांडलेले उचला, उरलेले उघड्यावर फेकू नका. फवारणी गरजेपुरतीच करा. गुरांच्या डॉक्टरांकडे बंदी असलेल्या औषधांचा आग्रह धरू नका. पर्यायी औषधे उपलब्ध आहेत.

उन्हाळ्यात सावलीत मातीचे पसरट भांडे भरून ठेवा आणि रोज घासा. उघड्या विहिरीत पडणाऱ्या जिवाला बाहेर येता यावे म्हणून काठावरून एखादी फांदी सोडा. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ साली बंदी घातली आहे. आपल्या मुलाच्या हातात तो दिसला तर ती जबाबदारी पोलिसांची नव्हे, बापाची आहे.

मशिदीच्या विश्वस्तांना विशेष विनंती. प्रेषित (सल्ल.) एका मुद्द पाण्यात, म्हणजे सुमारे पाऊण ते एक लिटरमध्ये वुजू करीत. आपल्या नळाखाली किती वाहते, याचा अंदाज प्रत्येकाने घ्यावा. वुजूचे वापरलेले पाणी हनफी मसलकाच्या फतव्यानुसार स्वतः पाक असते. त्याने पुन्हा वुजू होत नाही, पण झाडांना ते खुशाल घालता येते. ते गटारात न सोडता आवारातील झाडांकडे वळवावे. मशिदीच्या भिंतीत पाखरांसाठी जागा ठेवणे ही जुनी रीत आहे. इस्तंबूलच्या उस्कुदार भागातील अठराव्या शतकातील आयाजमा मशिदीच्या भिंतींवर दगडात कोरलेली पक्ष्यांची घरे आजही पाहायला मिळतात. आपल्याला संगमरवर नको. छपराखाली एक लाकडी खोके पुरे.

आणि कियामतची घडी येऊन ठेपली, तरी हातातील रोप लावून टाकावे, ही प्रेषितांची शिकवण इमाम अहमद (रह.) यांच्या मुस्नदमध्ये आहे. तेव्हा 'एकट्याने करून काय होणार' हे वाक्य मोमिनाच्या तोंडी शोभत नाही. फळ मिळेल की नाही, हा हिशेब रोप लावणाऱ्याकडे सोपवलेलाच नाही.

प्रिय वाचकांनो, उद्या फजरला मशिदीत जाताना क्षणभर थांबून ऐका. ज्या वेळी आपल्यापैकी अनेक जण झोपेत असतात, त्या वेळी कडुनिंबावर तस्बीह सुरू झालेली असते. थोड्या वेळाने ती पाखरे रिकाम्या पोटी निघतील. त्यांचा रब त्यांना विसरलेला नाही, आणि त्याने त्यांचा काही वाटा आपल्या अंगणात आणि आपल्या बांधावर ठेवला आहे. सायंकाळी ती भरल्या पोटी परतली की नाही, हा सवाल एके दिवशी आपल्याला होणार आहे.

हे अल्लाह, आमच्या हाती दिलेल्या अमानतीची आम्हाला जाण दे. आमच्या हातून नकळत झालेल्या नुकसानीची भरपाई करण्याची तौफीक दे. आमच्या रानावर रहमतीचा पाऊस पाड, तोही वेळेवर आणि मापात. आम्हाला, आमच्या गुराढोरांना आणि तुझ्या त्या मूक उम्मतींना तुझ्या खजिन्यातून रिज्क दे, आणि तो रिज्क आमच्यामुळे कोणाचा अडू देऊ नकोस. आमीन, या रब्बल आलमीन.